पाच लिटरचा कॅन

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने शेवगावला जावं, करणच्या घरी दिवेलागणीला पाच मिनिटं बसावं आणि नुसतं फरशीकडे बघावं. मग काय बोलायचं ते बोलावं.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती. कोकणातला समुद्राकाठचा रस्ता होता. ऊन द्यावं की पाऊस, हे त्या आभाळाचं त्यालाच ठरत नव्हतं.

करणचं शेवगावात खता-बियाण्यांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण देवाने अक्कल वाटली तेव्हा रांगेत आपण एकटेच होतो असा त्याचा समज. नवी गाडी घेतली आणि बायको ज्ञानेश्वरी, नऊ वर्षांची दिशा यांना घेऊन चार दिवस किनाऱ्याने फिरायला निघाला. कोकणात उतरल्यापासून त्याचं नावं ठेवणं सुरू झालं. रस्ते बोळाएवढे. माणसं आळशी. पाऊस तर नुसता बेशिस्त, घटकेत येतो, घटकेत जातो.

निघताना त्याच्या आईने, बनुबाईने, गाडीत पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवला होता.

तीन वर्षांपूर्वी तिचा धाकटा, राम, मित्रांबरोबर तिकडच्याच एका किनाऱ्यावर पोहायला उतरला. परत आला नाही. देहही मिळाला नाही. बनुबाईने त्याचा दहावा करू दिला नव्हता. यंदा कुठे तिचं मन वळलं होतं.

"ज्या पान्यात त्यो गेला, तिथलंच पानी आन," ती म्हणाली. "पैठणला गंगेत सोडू. दहावा करू. मग मी मोकळी."

करण हो म्हणाला. आईच्या खुळ्या समजुतीला मनात हसलाही.

तीन दिवस समुद्र खिडकीतून दिसत होता. कॅन रिकामाच होता. चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर रामचा किनारा आला. रस्त्यापासून पंधरा मिनिटांची पायवाट... आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळला.

"अवो, थांबा की जरा. उघडंल आत्ता," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"चिखलाचे पाय घिऊन नव्या गाडीत बसू व्हय?" करण म्हणाला. "पानी ते पानी. आईला काय कळतंय?"

गाडी थांबलीच नाही. सख्ख्या भावासाठी पंधरा मिनिटं भिजायची त्याची तयारी नव्हती.

दोन किलोमीटर पुढे लख्ख ऊन. तिथे एक बंद पडलेलं हॉटेल होतं. त्याच्या मागे विहीर, काठोकाठ भरलेली. करणने वाकून कॅन बुडवला. काकडीसाठी घेतलेली मिठाची पुडी गाडीत होती. ती सगळी कॅनमध्ये ओतली आणि खळखळून हलवली.

झाला समुद्र.

शेजारच्या अंगणातून एक म्हातारी बघत होती.

"त्या विहिरीचं पाणी नको नेऊ हां. आमी कोण काढीत नाय."

"का? खराब आहे?"

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पण काढीत नाय."

करणला हसू आलं. लहानपणी टँकरमागे हंडा घेऊन धावलेला माणूस तो. तुडुंब विहीर समोर आहे आणि हे लोक तिला शिवत नाहीत. माज आहे नुसता, तो म्हणाला. कॅन मागच्या सीटखाली टाकला आणि निघाला.

ताम्हिणी घाटात गाड्यांची रांग लागली होती. करणने इंजिन बंद केलं.

सगळं शांत...

डुबुक.

कॅनमधलं पाणी हललं होतं. गाडी जागेवर उभी होती.

त्याने आरशात बघितलं. अख्खी मागची सीट मोकळी आणि दिशा दाराला चिकटून बसलेली, पाय पोटाशी घेऊन.

"नीट बस की, बाळा."

"जागा पुरंना, पप्पा."

"कुनाला?"

दिशाने तोंड खिडकीकडे केलं.

पुण्यात ऊन होतं. शिरूरला पाऊस. नगरच्या पुढे सगळं कोरडं ठणठणीत. मागची काच मात्र घरापर्यंत ओलीच राहिली...

आतून.

संध्याकाळी गाडी दारात लागली. लांबून कुणी आलं की बनुबाई त्याला उंबऱ्याबाहेर थांबवायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची. वाटेत काही मागे लागलं असेल तर ते बाहेरच राहावं म्हणून. करण त्यालाही नावं ठेवायचा.

त्या दिवशीही ती हातात भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. दिशा उतरली. मागचं दार उघडंच राहिलं. बनुबाई त्या दाराकडे बघत राहिली...

तिचा हात हळूच खाली आला.

"ओवाळ की, आई. लई दमलोय."

"आज नगं," ती म्हणाली. "ओवाळून टाकलं तर त्योबी जाईल माघारी."

तिने कॅन उघडला, बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारंय," म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर रडली.

एका पुडीत काम झालं, असं करणच्या मनात आलं. असा हा माणूस.

आठ दिवसांनी पैठणला जायचं ठरलं. गुरुजींना सांगून झालं. त्या सकाळी बनुबाई देवघरासमोर कॅनला टेकून बसली होती. ती उठेना.

"आता कशाचा दहावा? घरी आलाय न्हवं त्यो."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला फरशीवर ओली पावलं उमटतात. कॅनपासून चुलीपर्यंत. चुलीपासून परत. बनुबाई दूध-भाकरी कुस्करून वेगळी वाटी ठेवते. सकाळी वाटी पुसल्यासारखी कोरडी असते. ती आता हसते. चार घास जास्त जेवते. शेजारणी म्हणतात, म्हातारी सावरली.

करणने दोनदा कॅन मोरीत ओतून दिला. दोन्ही वेळा संध्याकाळी तो भरलेला होता.

आईला खरं सांगायला एकदा त्याने तोंड उघडलं. ती वाटीत दूध ओतत होती, हलक्या आवाजात कुणाशी तरी बोलत होती. तो तसाच मागे फिरला. आता सांगायचं तरी कसं, की त्या कॅनमध्ये समुद्राचा थेंबही नाही?

राम सहा फुटांचा होता. नऊ नंबरची चप्पल लागायची त्याला.

पहिल्या आठवड्यात करणने ओल्या पावलाशेजारी हात टेकवून बघितला होता. पाऊल त्याच्या करंगळीएवढं होतं.

परवा परत बघितला...

आता ते तळहाताएवढं झालंय.

करण हल्ली कशालाच नावं ठेवत नाही. दिवेलागण झाली की दिशाला घेऊन दुकानात जाऊन बसतो. आणि बनुबाई कालपासून दोन वाट्या दूध ठेवते. एका वाटीत त्याचं भागत नाही, म्हणते.