हजेरीच्या पानावरचं कुलूप

हे खोटं ठरलं तर माझ्याइतका आनंद कुणालाच होणार नाही.

तुम्ही म्हणाल, रचलेली गोष्ट आहे. म्हणा. पण वार गुरुवार होता, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि जागा होती एका प्राथमिक शाळेतला दुसरीचा वर्ग. रात्र नव्हती की अंधार नव्हता. खिडकीतून चांगलं ऊन आत आलं होतं.

मी शाळांमधले डिजिटल बोर्ड बसवतो आणि दुरुस्त करतो. पूर्वी फळा खराब झाला की त्यावर काळा रंग मारायचे, आता मला फोन करतात. तक्रारी ठरलेल्या. बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे, नाहीतर बोर्ड आपोआप चालतो. दहापैकी नऊ वेळा चौकटीत धूळ असते. बोर्डला धूळसुद्धा बोटासारखीच वाटते. कोरडं कापड फिरवलं की भूत पळालं, असं मी हसत सांगायचो.

आता सांगत नाही.

त्या वर्गाच्या बाई म्हणजे माझी सख्खी ताई. दुसरीची तुकडी एकच, त्यामुळे तिची मुलगीही त्याच वर्गात. मिरी. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण अंगाने मिरीएवढी आणि बोलायला तेवढीच तिखट, म्हणून हे नाव मी ठेवलं. माझा जीव की प्राण.

ताईने बोर्डवर हजेरीचं पान केलं होतं. डावीकडे घराचं चित्र, उजवीकडे शाळेचं, आणि एकतीस मुलांचे छोटे छोटे फोटो. सकाळी आल्यावर प्रत्येकाने आपला फोटो बोटाने ओढत घरातून शाळेत न्यायचा. सुटताना परत घरी. त्या एका गोष्टीसाठी मुलं धावत यायची. उशिरा येणारेही वेळेवर यायला लागले होते.

त्या गुरुवारी ताईचा फोन आला.

"अरे, एक फोटो नाहीये."

"कुणाचा?"

"आमच्या चष्मेवाल्याचा. काल सुटताना मी बघितला, घरात होता. आता पानावर कुठेच नाही."

"ओढताना पानाच्या बाहेर गेला असेल. चौकट पुसलीस का?"

"तू आणि तुझी धूळ!" म्हणून तिने फोन ठेवला.

चष्मेवाला त्या दिवशी शाळेत आला नाही. ताप होता. ताप डोक्यात गेला, आणि रविवारी पोर गेलं.

आम्ही दोन्ही गोष्टी जोडल्या नाहीत. कोण जोडेल?

तीन आठवड्यांनी, पुन्हा सात वाजून दहा मिनिटांनी, ताई वर्गात एकटी होती. मुलं यायची होती. बोर्ड तिने अजून लावलाही नव्हता...

तो आपणहून उजळला.

हजेरीचं पान उघडलं. आणि मग...

टक.

काचेवर नख वाजल्यासारखा आवाज.

दोन वेण्यांवाल्या एका मुलीचा फोटो घरातून हलला. थांबला. पुन्हा हलला. लहान मूल कसं बोट टेकवत, उचलत ओढतं, अगदी तसा. खाली... आणखी खाली... आणि पानाच्या कडेवरून दिसेनासा झाला.

बोर्डसमोर कुणीही नव्हतं.

ती मुलगी दुपारी मैदानात अडखळून पडली. एवढंसं पडणं. गुडघाही फुटला नव्हता. पण उठलीच नाही.

मी त्याच संध्याकाळी गेलो. ताईचा चेहरा बघून चेष्टा करायची हिंमत झाली नाही. चौकट काढली, पुसली, तारा तपासल्या. मग तपासणीचं पान उघडलं. बोर्डला किती बोटं लागलेली आहेत, ते या पानावर आकड्यात दिसतं.

मी एक बोट टेकवलं.

आकडा आला... दोन.

बोट काढलं.

आकडा शून्य व्हायला हवा होता. तो झाला... एक.

मी बोर्डपासून चार पावलं मागे सरलो. ताई दाराशी उभी होती. तो एकचा आकडा आमच्याकडे बघत बसल्यासारखा तसाच राहिला. 

"पान पुसूनच टाकू का रे?" ताईने विचारलं.

"वेडी आहेस का? एक फोटो गेला की एक मूल जातंय. तू सगळेच पुसणार?"

मोठ्या सरांना सांगितलं, तर त्यांनी ताईला दोन दिवस रजा घ्यायला सांगितलं. तिने घेतली नाही. सकाळी सर्वांत आधी यायची आणि संध्याकाळी सर्वांत शेवटी निघायची. शिपाई म्हणायचा, "बाई, बोर्डला घरी घेऊन जा." तिला हसूही येत नव्हतं.

मग तो मंगळवार. शाळा सुटली होती. मिरी भाऊजींच्या स्कूटरवरून घरी गेली होती. मी दुसऱ्या एका शाळेत शिडीवर चढून स्क्रू आवळत होतो. फोन वाजला.

"मिरीचा फोटो सरकतोय!" ताई किंचाळत होती. "घरातून खाली सरकतोय रे!"

"ओढ परत!"

"ओढतेय... पुन्हा जातोय. माझ्या बोटाखालून जातोय!"

"लॉक कर! फोटो घरात घे आणि त्यावर बोट दाबून धर. कुलपाचं चित्र येईल, ते दाब."

फोनवर फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

"झालं. थांबला."

आणि तिच्या आवाजामागे...

टक. टक. टक. टक.

फोटो हलला नाही. आम्ही दोघं फोनवर रडलो. मी देवाचे आभार मानले आणि स्वतःचेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरी उठली. ताप नाही, काही नाही. दप्तर भरलं, सगळ्यांच्या आधी तयार झाली आणि दारात आली.

उंबऱ्यावर तिचा पाय पुढे पडेना.

"आई, जाता येत नाहीये."

भाऊजींना वाटलं, नाटक. त्यांनी तिला उचललं. घरात ती नेहमीसारखी हलकी होती. उंबऱ्यावर आली आणि अडली. मध्ये काच असावी तशी. भाऊजींनी जोर लावला तेव्हा ती वेदनेने ओरडली. मागच्या दारानेही तेच. खिडकीतून हात बाहेर काढायला सांगितलं, तर बोटं गजांशी थांबली.

मला कळलं. शाळा सुटल्यावर सगळे फोटो घरात असतात. मिरीचा फोटो आम्ही घरात असताना लॉक केला होता. आणि सल्ला माझा होता.

आगीतून फुफाट्यात म्हणतात, ते हे.

मी धावत शाळेत गेलो. कुलूप उघडायचं, फोटो घर आणि शाळेच्या मधल्या मोकळ्या जागेत ओढायचा आणि तिथे पुन्हा लॉक करायचा, म्हणजे ती कुठेच अडकणार नाही. दोन सेकंदांचं काम. आधी तपासणीचं पान बघितलं.

आकडा... एक.

ते बोट कुठे आहे, तेही तिथे दिसतं. मी जागा जुळवून बघितली.

बरोबर मिरीच्या फोटोवर.

टेकवून ठेवलेलं. वाट बघत.

मी कुलूप उघडलं असतं, तर आधी कुणी ओढलं असतं, मी की त्याने? माझं बोट त्या कुलपापासून वीतभर लांब थांबलं. मागे ताई म्हणाली, "नको. राहू दे. निदान आहे तरी."

या गोष्टीला चार वर्षं झाली.

मिरी अकरा वर्षांची आहे. डॉक्टर घरी येऊन गेले, ज्यांनी जे जे सांगितलं ते सगळं करून झालं. ती खिडकीत बसून पुस्तकं वाचते. पूर्वीसारखी बोलत नाही. ताई अजूनही त्याच वर्गावर आहे, बदली आली तेव्हा हातापाया पडून तिने ती रद्द करून घेतली. मी पानाची कॉपी पेनड्राइव्हवर घ्यायचा प्रयत्न केला. एकोणतीस फोटोंपैकी अठ्ठावीस येतात. तिचा येत नाही; त्या बोटाखालून सुटला तरच येईल.

आणि आता शाळेने नवे बोर्ड मागवलेत. जुने काढून, त्यांची मेमरी पुसून परत द्यायचे, असा नियम आहे. मी मोठ्या सरांना हात जोडले. ते म्हणाले, "अहो, तुमच्याच धंद्याचं काम आहे, तुम्हीच अडवता?" मी नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी येऊन काढेल. त्याला काय माहीत?

काल मिरीला सगळं सांगितलं. लपवून काय उपयोग होता?

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मामा, पुसण्याआधी एकदा कुलूप उघड. कदाचित तू आधी ओढशील."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नाही." तिने माझा हात धरला. "पण मला दाराबाहेर जायचंय."

ताई स्वयंपाकघरात होती. ती ऐकत होती, पण आली नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता वर्ग माझ्यासाठी उघडून देणार आहेत. काल घरी आल्यापासून मी टेबलावर एक कागद ठेवून बोट डावीकडून उजवीकडे ओढायचा सराव करतोय.

मला अजून पुरेसं लवकर जमत नाही.