लाईन दोन दहाले आली

भेव वाटत असंन तं आत्ताच उठा. मंग अर्ध्या रात्री घरी सोडाले मी येणार नाई. अन् हे ऐकीव नाई बरं. आमचा ऑपरेटर खुशाल माझ्यासंगं अठरा वर्षं एकाच सबस्टेशनवर होता.

मागच्या नोव्हेंबरातली चौदा तारीख, शुक्रवार. संध्याकाळी खुशाल डब्बा घेऊन ड्युटीवर गेला. मूल या तालुक्याच्या गावापासून आत, धानाच्या बांध्यांमधी आपलं सबस्टेशन. त्या दिवशी गावाची लाईन बंद ठेवली होती. तिकडं शहराजवळ डेटा सेंटर होऊन राह्यलं ना, त्याची मोठी लाईन आपल्या तारांवरून ओढत होते. तिथले हजारो कॉम्प्युटर एक मिनिट बंद पडले नाई पाह्यजेत, म्हून त्यायले दोन बाजूंनी लाईन. आपल्या गावाले एकच, तेही बंद. मले आजही राग येते.

सहाले काम सरणार होतं. तार अडकली. आठ वाजले, नऊ वाजले. फोनवर फोन. "लाईन कवा येते?" अन् वरून शिव्या. मंग खुशालनं तेच केलं जे आम्ही सारेच करत होतो, मीही केलं. रिसीव्हर उचलून बाजूले ठेवला अन् जेवाले बसला.

पावणेबाराले गेट वाजलं.

पाह्यतो तं बाहेर अंजनाबाई. टोलीवरची, म्हंजे गावाबाहेरच्या वस्तीवरची, सत्तरीची म्हातारी. वर्षभरापासून घरात ऑक्सिजनच्या मशीनवर, अन् मशीन लाईनीवर. तिले अंगणात येणं होत नव्हतं. ती तीन किलोमीटर चालत आली होती.

अन् धाप नाई.

"बाई, तुम्ही? राजदीप कुठी हाय?" राजदीप तिचा पोरगा.

"घरी. अंधारात बसला हाय. लाईन दे ना, बाबू."

"तारांवर सहा माणसं हायेत, बाई. देल्ली तं मरतीन."

तिनं वर तारांकडं पाह्यलं.

"मंग नको देऊ. मले तं आता लागतच नाई... पोरगा रडून राह्यला. त्याले माझं तोंड दिसत नाई."

खुशाल टॉर्च आणाले आत गेला. बाहेर आला.

रस्ता रिकामा. दोन्हीकडं धान कापलेलं. लपाले जागा नाई.

कोणीच नाई...

माणसं उतरल्यावर दोन दहाले त्यानं लाईन देल्ली. वहीत तशी नोंद हाय, म्या पाह्यली.

सकाळी तो टोलीवर गेला. अंगणात माणसं जमलेली. लाईन सहाले येईन म्हून आणलेलं सिलिंडर सरलं, अन् अंजनाबाई रात्री साडेनवालेच गेली होती, बंद मशीनीपाशी. राजदीपनं किती फोन लावले सबस्टेशनले... एंगेज. अँब्युलन्स आली तवा काही राह्यलं नव्हतं.

खुशालले वाटलं, पोरगा आता गचांडी धरन. धरली असती तं बरं झालं असतं, असं तो मले रडत रडत म्हणे. राजदीपनं त्याचे हातच धरले.

"भाऊ, लय उपकार झाले. घरात मेणबत्ती नाई, मोबाईल सरत आला म्हून टॉर्चही बंद केली होती. तुम्ही पाच मिनिटं लाईन देल्ली, म्हून मायचं तोंड तरी पाहाले भेटलं."

"कवा?"

त्यानं मोबाईल समोर धरला. मुलचेऱ्याले राह्यणाऱ्या बहिणीले पाठवाले काढलेला फोटो. माय निजलेली. वर बल्ब पेटलेला. अन् फोटोखाली टाईम...

अकरा बावन्न.