ठकीची दोनशे चौदा मिनिटं

हे खोटं निघालं तर माझ्या तोंडात शेण घाला. भुताचं नाव काढलं की लोकांना अमावस्येची रात्र लागते. हे घडलं भर दुपारी. एप्रिल २००६, मुरबाड, एसटी स्टँडच्या मागची गल्ली. ज्याच्यावर गुदरलं तो जगन माझा सख्खा मावसभाऊ. त्यानं मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा शब्दाला शब्द तोच.

जगनचं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान होतं. हात चांगला, पण आळस असा की काय सांगू! कॉम्प्युटर हँग होवो, व्हायरस येवो, नुसता आवाज जावो... याचं औषध एकच. फॉरमॅट मारायचा. आत कुणाचं काय आहे, ते विचारायचं नाही.

आदल्या दिवाळीनंतर वैशाखरे गावची दिपिका त्याच्याकडे आली. कॉलेजातली पोरगी. जीपमधून कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आलेली.

"दादा, चालू होऊन परत बंद पडतो. पन डी ड्राइव्हमधी आजीची गाणी हायत. तेवढी जपा."

दिपिकाची आजी ठकी म्हणजे धवलारीण. लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. ही गाणी कुठं लिहिलेली नसतात. पहिलं गाणं उचलायच्या आधी तांदूळ ठेवून देवाला विचारायचं असतं, म्हणू का म्हणून. ठकीच्या घशात गाठ झाली. आवाज जाणार, असं डॉक्टरनं सांगितलं. मग दिपिकानं हेडफोनच्या माइकवर तिची गाणी भरून घेतली. त्या प्रोग्रॅममध्ये एका वेळी एकच मिनिट भरायचं. म्हातारी मिनिटभर गायची, थांबायची, श्वास घ्यायची, परत गायची. अशा दोनशे चौदा फाइली. आणि ठकी कॉम्प्युटरपुढंही तांदूळ ठेवून विचारायची, बरं का!

शेवटची फाइल भरली आणि आठवड्यात तिचा आवाज गेला. उरली नुसती कुजबूज.

आता डिस्कचे दोन भाग असतात हो. विंडोज सी मध्ये, आपलं सामान डी मध्ये. शहाणा माणूस नुसता सी पुसतो. जगननं सवयीनं दोन्ही उडवले.

निम्मं काम झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. गेलेल्या फाइली परत काढायची सीडी त्याच्या खणात होती. तिथंच थांबून ती लावली असती तर बरंच काही हाताला लागलं असतं. पण दिवस मोडला असता. यानं विंडोज टाकून घेतली आणि दिपिकाला बेधडक सांगितलं, "व्हायरसनं खाल्लं. आधीच गेलेलं."

चार दिवसांनी ठकी स्वतः आली. दुकानाच्या पायरीवर बसली.

"पोरा," ती कुजबुजली, "पुसायच्या आधी मला इचारलंस?"

"म्हातारे, व्हायरस काय इचारून येतो?" जगन हसला. "परत भर की."

कोण भरणार? म्हातारी दुपारभर तिथंच बसून राहिली, त्याच्याकडे बघत. पौषात ती गेली.

मग आला एप्रिल.

दुपारचे अडीच. लोडशेडिंग चालू. गल्लीत पंखा नाही, टेप नाही, काही नाही. यूपीएस कधीच मान टाकून बसलेला. जगन टेबलावर डोकं ठेवून पडला होता.

आणि स्पीकरमधून... कुणीतरी श्वास घेतला.

जगननं डोकं वर केलं. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन चालू होता. त्यानं वायर बघितली. वीज नाही. त्यानं वायर उपटून हातात घेतली.

स्क्रीन चालूच.

डेस्कटॉपवर एक नवी फाइल होती. एका मिनिटाची. ती आपोआप वाजू लागली... आणि आतून त्याची चार वर्षांची पोरगी बोलली. काजल.

"बाबा, मांजर बघा! मांजर दूध पिते! मांजर, मांजर..."

हे कुणी कधी भरलेलं नव्हतं. दुकानात तर माइकही नव्हता.

जगन धावत घरी गेला. काजल मांजरीला कुरवाळत ओट्यावर बसली होती. बाप दिसताच तिनं बोट दाखवलं, तोंड उघडलं... आणि शब्द आला नाही. ती पुन्हा प्रयत्न करायची आणि रडायची. मांजर हा शब्द तिच्या तोंडून जो गेला तो गेला.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता दुसरी फाइल. घरी काजलचं पाणी गेलं.

मग भात गेला. मग ऊन, चप्पल, शेजारच्या हिराबाईचं नाव. रोज एक मिनिट इकडं भरायचं आणि तिकडं पोरीच्या तोंडातून तेवढं रिकामं व्हायचं. कल्याणच्या डॉक्टरनं तपासलं. घसा ठणठणीत! जगननं फाइली सीडीवर घेतल्या, तर सीडी कोऱ्या निघाल्या. एकदा तो रागानं हातोडा घेऊन डब्यावर धावला. त्याची बायको दामिनी मध्ये आडवी पडली.

"फोडू नका! माजी पोर त्याच्यात हाय ना!"

दिवाळी सरली आणि काजल मुकी झाली. शेवटच्या फाइलीत एकच शब्द होता, मिनिटभर. "बाबा."

जगननं मोजल्या. दोनशे चौदा.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता फाइल आली नाही. स्क्रीनवर छोटी चौकट आली. डिस्क फॉरमॅट करायची का? यस. नो.

जगन किंचाळलाच. त्यानं नो दाबलं. चौकट गेली.

दुसऱ्या दिवशी अडीचला परत आली...

तो वैशाखऱ्याला पळाला. दिपिकाच्या पायाशी बसून खरं काय ते सगळं ओकला. पोरीनं त्याला हाताला धरून उठवलं. मग म्हणाली, "मी माफ केलं असतं दादा. पन गाणी माजी नव्हती."

आपण नो दाबलं नाही तर डिस्क आपोआप पुसली जाईल, या भीतीनं तिथून जगन त्या खुर्चीला बांधला गेला. सख्ख्या भावाच्या मयताला आला नाही, अडीच वाजायचे होते म्हणून. अंगात ताप असला तरी दुकानात. ऊन असो, पाऊस असो, रोज तेच. नो. नो. नो. अडीच वर्षं! गिऱ्हाइकं कधीच तुटली. आम्ही भाऊबंद त्याला वेडा म्हणायचो. लाज वाटते आता.

२००९ चा मे. काजल सात वर्षांची. मुकी असली तरी अक्षरं लावायची. त्या दुपारी ती बापाचा जेवणाचा डबा घेऊन आली. सव्वादोन झाले होते. अजून वेळ आहे म्हणून जगन मागं हात धुवायला गेला.

त्या दिवशी चौकट आधी आली.

जगन वळला तेव्हा पोरगी खुर्चीवर चढलेली. माउस तिच्या हातात.

"काजू, नको!"

काजलनं त्याच्याकडे बघितलं. अगदी शांत. आणि यस दाबलं.

पट्टी भरत गेली. जगन टेबलापाशी कोसळला. सगळं पुसलं. स्पीकर गप्प. गल्ली गप्प...

मग काजलनं श्वास घेतला. म्हाताऱ्या बाईसारखा, छातीत अडखळत.

आणि ती गाऊ लागली.

हळदीचं गाणं. घोगऱ्या, पिकल्या आवाजात. मिनिटभर गायची, थांबायची, श्वास घ्यायची, परत गायची. गल्ली गोळा झाली. हिराबाईच्या लग्नात ठकीच गायलेली. तिनं पदर तोंडाला लावला. "अगो बाय, ही तर ठकी!"

साडेतीन तासांच्या वर गाणं चाललं. कुणाची हलायची हिंमत झाली नाही. संपल्यावर जगननं पोरीचे हात धरले. "काजू, बाबा म्हण गो. एकदा म्हण."

तिनं हात सोडवून घेतले.

आज काजल मोठी झाली आहे. पंचक्रोशीत लग्न निघालं की तिलाच नेतात, कारण ती गाणी दुसऱ्या कुणाला येत नाहीत. गाण्याखेरीज तिच्या तोंडून शब्द नाही. जगन सोबत जातो आणि मंडपाबाहेर बसतो. पोरीचा आवाज कधीतरी मध्येच निघेल, या आशेवर कान लावून बसतो बिचारा.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या हळदीला तिला आणलं होतं. दोन गाण्यांच्या मध्ये मी पाणी घेऊन गेलो. माया वाटली हो, आपलीच पोर. म्हटलं, "दमलीस का गो, काजल?"

तिनं मान वळवली. पेला घेतला नाही. मंडपाच्या दाराकडे बघत ती कुजबुजली, आणि पहिल्यांदाच मी तिला गाण्याबाहेरचं बोलताना ऐकलं.

"जगन बाहेर बसलाय ना?"

मी कसंबसं हो म्हणालो.

"बसू दे," ती म्हणाली, आणि हसून तिनं पुढचं गाणं उचललं.

जगनला हे मी अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू?