फाळक्यावरचा हात

यात काडीचंही खोटं नाही. पटत नसेल त्यानं होटगीकडच्या रस्त्यावर जाऊन बघावं. फुटलेल्या फरशीचे तुकडे अजून चरात पडलेत.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. गेल्या मे महिन्यातली टळटळीत दुपार होती.

इलाहीबक्ष ट्रक चालवत होता. शेजारी मालक, इंद्रजीत. मागं शहाबादी फरशी.

ही फरशी ट्रकमध्ये उभी लावतात. मधे लाकडी चौकट, तिला दोन्हीकडून टेकवून. उतरवताना एक इकडची काढली की एक तिकडची काढायची. नाहीतर सगळं वजन एका अंगावर जातं. इंद्रजीतला हे माहीत नव्हतं? तो स्वतः दहा वर्षं ड्रायव्हर होता! पण वेळ लागतो ना.

ह्याच घाईनं चैत्रात बिरप्पा गेला. हमालांचा मुकादम. मालकानं एकाच बाजूची फरशी काढायला लावली, दुसरी बाजू त्याच्या अंगावर आली. इंद्रजीतनं सगळीकडं सांगितलं, "पिऊन होता."

बिरप्पा चहासुद्धा प्यायचा नाही.

त्याची एक रीत होती. माल भरला की मागं उभा राहायचा. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दोन्हीकडं सारखे दबलेत का, बघायचा. मग मागच्या फाळक्यावर, त्या पत्र्याच्या दारावर, हात मारायचा. एकदा म्हणजे थांब. दोनदा म्हणजे जाऊ दे.

त्या दुपारी जुळे सोलापुरात एका बंगल्यावर निम्मी फरशी उतरवली. सगळी डाव्या अंगाची.

"सेठ, गाडी उजवीकडं कलली की. थोडी फरशी डावीकडं घेऊ," इलाहीबक्ष म्हणाला.

"उरलेली फरशी हवीय म्हणून मैंदर्गीवाला फोनवर फोन करतोय. चल!"

हमालांना तिथूनच घरी पाठवलं. मागं कुणीच नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

होटगीच्या अलीकडं...

धप्प!

इलाहीबक्षनं ब्रेक दाबला.

"काय झालं रे?"

"मागून हात मारला कुणीतरी."

"ऊन लागलंय तुला. चल."

थोडं पुढं गेले...

धप्प!

इंद्रजीत निवांत तंबाखू मळत होता. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

इलाहीबक्ष उतरून मागं गेला. रस्ता मोकळा. लांब दोन शेळ्या, बस्स. त्यानं फाळक्यावर हात ठेवला. उन्हानं तापलेला पत्रा, हाताला फोड यावा असा. पण मधोमध...

तळहाताएवढी जागा थंडगार होती.

"सेठ, बिरप्पा थांब म्हणतोय."

"त्याला म्हणावं, डिझेल तू भर!" इंद्रजीत खेकसला. "मेलेली माणसं आता मला लोड शिकवणार व्हय?"

"त्याचं नको, माझं तर ऐका. दोन्ही अंगं सारखी करू. न्हायतर तुमची गाडी तुमीच न्या. घरी तीन लेकरं हायत माझी."

"मग जा, लेकरं सांभाळत बस!"

इंद्रजीत सरकून स्टेअरिंगवर बसला. इलाहीबक्ष मागंच उभा होता. आता हात पडेल. एकदा. थांब म्हणून...

धप्प... धप्प.

दोनदा.

फाळक्यावरची धूळ उडाली. इलाहीबक्ष चार हात लांब होता.

ह्या वेळी इंद्रजीतलाही ऐकू आलं. त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"ऐकलंस? तुझा बिरप्पाच म्हणतोय, जाऊ दे!"

"सेठ, थांबा! सेठ!"

इलाहीबक्ष ओरडत ट्रकमागं पळाला. ट्रक थांबला नाही. पहिल्याच वळणावर तो उजव्या अंगावर झोपला. फरशी फुटत राहिली. बराच वेळ.

इंद्रजीत वाचला नाही.

आणि लोक काय म्हणतात? ड्रायव्हरनंच मागून हात मारला! पोलिसांनीही तेच विचारलं, फिरवून फिरवून. बिरप्पाला दारुडा ठरवणारी तोंडं हीच. गाडी कलली होती, त्याबद्दल एकानंही विचारलं नाही.

इलाहीबक्ष आता दुसरीकडं गाडी चालवतो. माल भरला की स्वतः मागं जाऊन पाटे बघतो. दोन्हीकडं सारखे असतात. कधी कधी निघताना मागून येतं...

धप्प. धप्प.

तो गाडी बंद करतो. उतरतो. पुन्हा बघतो.

त्या दिवशीही शेवटी दोनदाच वाजलं होतं.