सगळं पाठ असलेला घोकू

घोकूला वैद्यकशास्त्रातले लाखो शोधनिबंध पाठ होते. मग एका साध्या प्रश्नापाशी तो का अडला? दहा वर्षांच्या शलाकाला हे कोडं पडलं, तेव्हा तिचा भाऊ जेमतेम अर्ध्या तासाचा होता.

साल होतं २०६८. कळमदऱ्याच्या डोंगरावरच्या दवाखान्यात घोकू हा नवा यंत्रमानव आला होता. शलाकाचे बाबा वस्त्यांच्या महासभेचे सदस्य, त्यांनीच तो आणवला होता.

बाळ वेळेआधी जन्मलं. श्वास नीट चालू होता, पण अंग गार पडत होतं. डॉक्टर आत आईच्या शस्त्रक्रियेत गुंतल्या होत्या. उष्णपेटी (बाळाला ऊब देणारी काचेची पेटी) नेमकी बिघडली होती आणि धुक्यामुळे उडती रुग्णवाहिका अडकली होती.

“घोकू, बाळाला ऊब कशी द्यायची? लवकर सांग!” बाबा म्हणाले.

“एका निबंधात गरम पाण्याच्या पिशव्या. दुसऱ्यात त्यांनी कातडी भाजली. तिसऱ्यात कापूस. चौथ्यात कापूस निरुपयोगी. पाचव्यात...”

“अरे, त्यातलं खरं कोणतं?”

“सगळंच छापलेलं आहे,” घोकू नम्रपणे म्हणाला.

“गरम पाण्यानं आंघोळ घालू का?” बाबांनी विचारलं.

“अजिबात नको!” धापा टाकत शलाकाचे आजोबा आत आले. ते निवृत्त संशोधक होते. “ओलं अंग आणखी गार पडेल. दिगू, सदरा काढ!”

“अप्पा, माझा सदरा?” बाबा गोंधळले.

“तुझाच! काढ आणि खुर्चीत रेलून बस.”

आजोबांनी बाळाला कोरडं केलं, टोपी घातली, लंगोट बांधला आणि बाबांच्या उघड्या छातीवर उभं टेकवलं. मान एका बाजूला वळवली, नाक मोकळं आहे ना पाहिलं, वरून घोंगडी पांघरली. “शलाका, तापमान वाचत राहा.”

“पस्तीस पूर्णांक एक,” शलाकाने घोकूच्या पडद्यावर वाचलं. “आजोबा, घोकूला हे कसं माहीत नाही?”

“त्याच्या ढिगाऱ्यात ते आहेच. पण चाळायचं कोणी? समज, तुझ्या वर्गातल्या एकाने केळं खाऊन पन्नास धावा काढल्या. मग केळ्याने धावा होतात का?”

“छे! मी रोज केळं खाते आणि शून्यावर बाद होते.”

“मग खरं कसं शोधशील?”

“पुष्कळ मुलं घ्यायची. अर्ध्यांना केळं, अर्ध्यांना नाही. आणि चिठ्ठ्या टाकून ठरवायचं हं, नाहीतर सगळे चांगले खेळाडू केळ्याच्याच बाजूला!”

“शाब्बास! असे सामने गावोगाव झाले तर?”

“सगळ्यांचे निकाल एकत्र करायचे. लबाडी झालेले सामने बाजूला.”

“याला म्हणतात एकत्रित आढावा (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास जमवून, पारखून काढलेलं उत्तर). आमचं संशोधन केंद्र हेच करायचं. मग ते उत्तर दवाखान्यात चटकन वापरता येईल असं सोपं लिहायचं. हा छातीचा उपाय त्याच चाळणीतून आला.”

“मग घोकूला ते आढावे का दिले नाहीत?”

उत्तर बाबांनी दिलं. “ते देणारं केंद्रच बंद पडलं, बाळा. वाचायला घोकू आणलाय, मग केंद्राला निधी कशाला, असं मीच महासभेत म्हणालो. विरोधात हात वर केला.”

“पण पैसे दुसऱ्या कोणी दिले असते की!”

“कोणी?” आजोबा म्हणाले. “पेट्या विकणारा पेटीच्या अभ्यासाला पैसे देईल. तुझ्या बाबांची छाती कोण विकणार? म्हणून अशा केंद्रांना आपण सगळ्यांनी मिळून पैसे द्यायचे असतात.”

तासाभराने शलाका किंचाळली, “छत्तीस पूर्णांक सहा!” बाळाचे निळसर तळवे गुलाबी झाले होते. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या. “आई छान आहे,” त्या म्हणाल्या, आणि खुर्चीकडे पाहून हसल्या.

बाबांचे डोळे भरून आले. “उद्या महासभेत निधीचा विषय मी पुन्हा मांडतो. आणि सगळ्यात आधी हा हात वर...”

“हलू नका!” सगळे ओरडले. घोकूसुद्धा.

शलाका घोंगडीपाशी सरकली. “आजोबा, ताईच्या, म्हणजे माझ्या, छातीवरही बाळाला तेवढीच ऊब मिळते?”

घोकूचे दिवे लुकलुकले. “चाळलेलं उत्तर माझ्याकडे नाही.”

“वा!” आजोबांनी टाळी वाजवली. “केंद्र उघडू दे. पहिला प्रश्न हाच!”