अब्बांच्या नावाचे ठोसे

"का न्हाई आलासा, अब्बा? का न्हाई आलासा?"

प्रत्येक शब्दागणिक एक ठोसा टांगलेल्या पोत्यावर आदळत होता... आणि दाराबाहेर उभ्या चांदसाहेबांच्या हातातलं दाभण खणकन फरशीवर पडलं! वर्षभर घरात ज्या लेकीनं त्यांना साधी हाकसुद्धा मारली नव्हती, ती त्यांची अर्फा, घामानं चिंब होऊन, दातओठ खात त्यांच्याच नावानं मारत होती. या अल्ला, हे ऐकायला का आणलंस इथं!

ते चोरूनच आले होते. रहिमतपुरातल्या या पत्र्याच्या हॉलात मुलींना बॉक्सिंग शिकवणाऱ्या राणी मॅडमनी पोत्याची शिवण उसवल्याचं कळवलं होतं, म्हणून पोरींच्या वेळेआधीच ते बायकोला घेऊन निघाले. टाका घालताना कापडाची कड जन्नतबीनंच धरायची, हा त्या पिंजाऱ्याच्या घरचा तीस वर्षांचा रिवाज. पोतं त्यांनीच शिवून दिलं होतं, पण अर्फाला हे कळू द्यायचं नाही, अशी मॅडमना शपथ घातली होती. कळलं असतं तर पोरीनं त्याला बोटही लावलं नसतं! आणि आज नेमकी तीच लवकर आली होती.

वर्षापूर्वी कडेगावच्या सासरहून अर्फा एकटीच एसटीनं परत आली, ती अंगावर माराचे वळ घेऊन. झोप नाही, अन्न नाही, दिवसभर भिंतीकडं तोंड... साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "हिच्या आत राग कोंडलाय. त्याला वाट द्या, अंगाला मेहनत पडू द्या." मग हा वर्ग. लोक हसले, हसेनात का! सहा महिन्यांत पोर भाकरी मागून खायला लागली, गाढ झोपायला लागली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायलाही लागली. फक्त बापाकडं बघत नव्हती.

कारण सासरी मार खाताना तिनं अम्मीला फोन केला होता, 'अब्बांना सांग, मला न्यायला या.' अब्बा आलेच नाहीत. घरी आल्यावर तिनं एकदाच विचारलं, "अम्मीनं सांगितलं हुतं न्हवं तुमास्नी?" आणि चांदसाहेब मान खाली घालून म्हणाले, "व्हय."

साफ खोटं! तो निरोप जन्नतबीनं पोटातच ठेवला होता, संसार हाय, सोशील पोरगी, असं म्हणून. पोर परतली त्या दिवशी ती नवऱ्याच्या पायांवर कोसळली, तेव्हा या भल्या माणसानं तिला उठवलं. "गप ऱ्हा. तिला रडायला आईची मांडी तरी ऱ्हाऊ दे. माझ्यावर रागावू दे की!"

पण तो राग असा कानांवर आदळेल, हे कुठं ठाऊक होतं? "चल, माघारी जाऊ," ते कसंबसं पुटपुटले. जन्नतबी मात्र ऐकणार नव्हती. ती धावतच आत गेली आणि पोत्याला मिठी मारून उभी राहिली.

"मारायचं तर मला मार, अर्फे! तुझा निरोप मी सांगितलाच न्हाई गं... त्यास्नी काय बी ठावं नव्हतं!"

अर्फाचा उगारलेला हात तसाच हवेत राहिला. तिनं दाराकडं पाहिलं. "पण अब्बा... तुमीच 'व्हय' म्हणाला हुतासा!"

"म्हणालो खरं," चांदसाहेब दाभण उचलत म्हणाले.

तिची नजर दाभणावरून पोत्याच्या शिवणीवर गेली. आजवर कधी निरखून न पाहिलेला लाल दोऱ्याचा तिरका टाका... तिच्या लहानपणीच्या गोधडीवरचा! ती पोत्याजवळ गेली. "ह्ये तुमी शिवलंय?"

"नुसता कापूस खाली बसतो, म्हणून चिंध्यांचं थर घातलं. तुझ्या बोटांस्नी लागाय नगं."

"आनि मी त्याच पोत्यावर तुमास्नीच मारत हुते, अब्बा! सा म्हैनं!"

"मारत हुतीस, पन झोपत हुतीस न्हवं? मग झालं की!"

हंबरडा फोडून अर्फा बापाच्या गळ्यात पडली. ग्लोव्हज घातलेल्या हातांनी तिला स्वतःचे डोळेही पुसता येईनात. ते चांदसाहेबांनी आपल्या टोपीनं पुसले. मग ग्लोव्हज काढून ती आईकडं वळली. "अम्मी, तुझ्यावरचा राग एवढ्यात जायचा न्हाई. पन कड धर. एक तू धर, एक मी धरते."

दोघींनी कड धरली, चांदसाहेबांनी टाके घातले.

"आता मागनं पोतं धरा, अब्बा," ग्लोव्हज परत चढवत ती म्हणाली. "मॅडम म्हणत्यात, धरणारं मानूस लागतं."

चांदसाहेबांनी पोत्याला खांदा लावला. ठोसा बसला, कापसातून, चिंध्यांतून तो थेट त्यांच्या छातीपर्यंत आला. अर्फा दचकून थांबली.

"लागलं का वं, अब्बा?"

"न्हाई गं," डोळे गच्च मिटून ते म्हणाले, "आजून मार."