पडद्यावरचा पाठमोरा

टीव्हीच्या चित्रात सावली दिसते असा फोन आला, की मी नव्या बॅकलाइटच्या पट्ट्या घेऊनच निघतो. पडद्यामागचे दोन-तीन बारके दिवे गेले की तेवढाच भाग काळवंडतो. एकवीस वर्षांत हे निदान फारसं चुकलेलं नाही.

सोमवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरी गेलो तो याच हिशेबाने. गळ्यात मोजायची टेप अडकवलेल्या शिवणकामवाल्या ताईंनी दार उघडलं.

"या भाऊ. टीव्हीशिवाय मी राहीन हो, ह्यांचं कसं व्हायचं?"

त्यांच्या यजमानांनी तीस वर्षं बस चालवली होती. दोन वर्षांपूर्वी झटका आला, मानेखालचं अंग निकामी झालं आणि वाचाही गेली. पलंग टीव्हीसमोर लावलेला होता. हलत होते ते फक्त डोळे.

चित्राच्या मधोमध वीतभर उंचीचा काळपट डाग होता. मी टीव्ही उतरवला, पट्ट्या बदलल्या, केबल बदलली. डाग गेला. यजमानांकडे बघून मी म्हणालो, "घ्या साहेब, काच पुसल्यासारखं झालं." ते माझ्याकडे बघत नव्हते. डाग होता त्या जागेकडे बघत होते.

बुधवारी पुन्हा फोन आला.

डाग हातभर वाढला होता. मी पेनड्राइव्हवरचा कोरा पांढरा पडदा लावला. चित्रातले दोष त्यावर लपत नाहीत. त्या पांढऱ्यावर डोकं दिसलं, दोन्ही कान दिसले, उतरते खांदे दिसले. कुणीतरी आमच्याकडे पाठ करून उभं होतं.

"कधीकधी एखादं चित्र पडद्यावर उमटून राहतं," मी म्हणालो.

"पण असं चित्र आम्ही कधी पाहिलंच नाही, भाऊ."

मी बोर्ड तपासला. सेटिंग पुसून पहिल्यापासून केली. प्लग दुसऱ्या खोलीतल्या पॉइंटला लावून पाहिला. शेवटी हात टेकले आणि टीव्ही दुकानात नेला. दुकानात तो सहा तास चालू ठेवला. चित्र स्वच्छ, ठिपकासुद्धा नाही. मला हायसं वाटायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी मी दुकानातला माझा स्वतःचा टीव्ही घेऊन गेलो. त्याच भिंतीवर बसवला आणि चालू केला.

तो तिथेच होता. आता कमरेपर्यंत दिसत होता. एकच कान दिसत होता.

"वळतोय," ताई हळूच म्हणाल्या.

"तसं काही नसतं ताई." माझाच आवाज मला लटका वाटला.

पलंगावर यजमानांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. पापण्या थरथरत होत्या.

"टीव्ही लावला की डोळे मिटतात, बंद केला की रडतात. मी काय करू, सांगा ना. तुम्ही एवढे जाणकार."

मी जाणकार माणूस हातात रिमोट धरून उभा होतो. भिंतीवर हात फिरवला. गार, कोरडी भिंत. मागे काही नव्हतं. मी बटण बंद केलं, प्लग काढला.

"उद्यापर्यंत लावू नका. उद्या बघतो."

उद्या काय बघणार, मला ठाऊक नव्हतं. जिना उतरताना यजमानांचं ते घशातल्या घशातलं रडणं ऐकू येत होतं. मला परत वर जाता आलं नाही.

शनिवारी अकरा वाजता बेल वाजवली. ताईंनी दार उघडलं. चेहरा हसरा, जरा गोंधळलेला.

"काही विसरलं का भाऊ?"

"म्हणजे?"

"आत्ताच तर गेलात."

मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. टीव्ही चालू होता. स्वच्छ निळं पाणी, त्यात एक होडी. कुठेही डाग नव्हता.

"कोण आलं होतं ताई?"

"थट्टा करता होय? मी मशीनवर होते, तुम्ही पाठमोरे काम करत होतात. चहा विचारला तरी वळला नाहीत. कामात होतात म्हणून पुन्हा नाही विचारलं."

मी आत गेलो. यजमान भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपले होते. त्यांना स्वतःहून बोटही हलवता येत नव्हतं.

"यांना कुणी वळवलं?"

"तुम्हीच ना?" ताईंचं हसू विरलं. "मी नाही वळवलं."

मी हाक मारली. खांद्यावर हात ठेवला.

दिवसभर चालू असलेल्या टीव्हीची पाठ जशी तापते, तसा तो तापला होता. आणि आत काहीतरी बारीक आवाजात, न थांबता गुणगुणत होतं.